जुनं टर्बो इंजिन विकायचंय? ऑक्टाव्हिया आरएस आणि टीएसआयवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, लॉरा, सुपर्ब, फोक्सवॅगनची पोलो जीटीआय असली टर्बो पेट्रोल गाडी आहे (टीएसआय हे याच कंपन्यांच्या टर्बो पेट्रोल इंजिनांचं नाव) आणि काही कारणाने इंजिन वेगळं विकायची वेळ आलीये, अशांसाठी हे लिहिलंय. कारणं तशी ठरलेलीच असतात. मागून ट्रकने ठोकली, इन्शुरन्सने टोटल लॉस केली पण इंजिन ठणठणीत आहे, किंवा हौसेने फोर्ज्ड पिस्टनवालं दुसरं इंजिन बांधून टाकलं आणि आता जुनं स्टॉक इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलंय आणि गॅरेजवाला रोज विचारतोय की साहेब हे कधी नेताय. पुणे, मुंबई, संभाजीनगर पट्ट्यात या गाड्या भरपूर, त्यामुळे तेच प्रश्न परत परत येतात.

आधी इंजिन काढू आणि मग जाहिरात टाकू की उलट?

उलट. गाडी चालू होत असेल तर पाना लावायच्या आधीच सगळे पुरावे गोळा करून घ्या, कारण इंजिन एकदा जमिनीवर आलं की घेणाऱ्याला ते चालतं का, आवाज करतं का, धूर मारतं का हे काहीही कळत नाही आणि मग तो भंगाराच्या भावापासूनच सुरुवात करतो, त्यात त्याची चूकही नाही. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीचा सकाळचा पहिला स्टार्ट व्हिडिओत घ्या, एकच सलग शॉट, सुरुवातीला ओडोमीटर दाखवा, मग बॉनेट उघडून इंजिन नंबर दाखवा, मग स्टार्ट मारा आणि सायलेन्सरपाशी जाऊन धूर दाखवा. मध्ये कट मारलात की समजणारा माणूस पुढचं बघतच नाही. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग, ऑइलचं झाकण उघडून ब्लोबाय (तिथून येणारा धूर आणि हवा) किती आहे ते आणि शेवटी स्कॅनर लावून फॉल्ट कोड, एवढं सगळं त्याच दिवशी उरकून घ्या. कोड आधी पुसून मग स्कॅन दाखवायची आयडिया कोणी देईल, तिच्या नादी लागू नका. कोड नुकतेच पुसलेत हे स्कॅनरमधले रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते दाखवणारी यादी) बघून लगेच कळतं.

माझं इंजिन नक्की कुठलं ते कसं ओळखू? सगळी १.८ लिटरची इंजिनं सारखीच ना?

अजिबात नाही, आणि निम्मी भांडणं इथेच होतात. भारतात २००४ च्या आसपास आलेली पहिली ऑक्टाव्हिया आरएस म्हणजे १.८ टर्बो, २० व्हॉल्व्हवालं, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १७८१ सीसी, १५० पीएस, आणि त्याला टायमिंग बेल्ट आहे. नंतर लॉरा आणि सुपर्बमध्ये १.८ टीएसआय आलं ते फोक्सवॅगनच्या ईए८८८ नावाच्या इंजिन-कुटुंबातलं, १७९८ सीसी, १६० पीएस, डायरेक्ट इंजेक्शन आणि टायमिंग चेन. २०११ ची लॉरा आरएस पण याच १६० पीएसवर होती, बॅज आरएसचा असला तरी. मग २०१३ च्या ऑक्टाव्हियापासून ईए८८८ ची तिसरी पिढी, १.८ ला १८० पीएस. आणि २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३० म्हणजे त्याच तिसऱ्या पिढीचं २.० लिटर, १९८४ सीसी, २३० पीएस आणि ३५० एनएम. २०२० मध्ये आरएस २४५ आली, तिच्या भारतासाठी फक्त २०० गाड्या होत्या, त्यामुळे तिचं इंजिन बाजारात क्वचितच दिसतं.

दुसऱ्या (लॉरावाल्या) आणि तिसऱ्या पिढीत वरवर बघून गोंधळ होतो पण एक खूण पक्की आहे. तिसऱ्या पिढीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, टर्बो थेट हेडला बोल्ट होतो. वेगळा मॅनिफोल्ड दिसला की ते तिसऱ्या पिढीचं नाही. त्यामुळे एकाचा टर्बो, हेड किंवा इनटेक दुसऱ्याला सरळ बसत नाही आणि जाहिरातीत नुसतं 'स्कोडा १.८ टर्बो इंजिन विकणे आहे' लिहिलंत तर दहा चुकीचे फोन येतील. ब्लॉकवर इंजिन कोड असतो, टायमिंग कव्हरवर बहुतेक वेळा स्टिकर पण असतो, तो कोड जाहिरातीत पहिल्या ओळीत टाका.

कम्प्रेशन टेस्टचा फोटो पुरेसा आहे का?

फोटो पुरेसा नाही, सिलिंडरमधला दाब मोजायची ही टेस्ट कशी केली ते पण लिहायला लागतं. बॅटरी फुल चार्ज, इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. यातलं शेवटचं नेहमी राहतं. थ्रॉटल बंद ठेवून टेस्ट केली की चारही आकडे पडलेले दिसतात आणि चांगल्या इंजिनाचा मालक उगाच घाबरून भाव पाडतो. या फोक्सवॅगन इंजिनांना साधारण १० ते १४ बारच्या मधले आकडे निरोगी धरतात, ७ बार ही झिजेची खालची मर्यादा, आणि कुठल्याही दोन सिलिंडरमधला फरक ३ बारच्या आत हवा. गॅरेजवाले पीएसआयमध्ये बोलतात, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, तेवढा हिशेब करून घ्या.

माझ्या मते आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का हे जास्त महत्त्वाचं. ११, ११, ११, ११ असलेलं इंजिन मी १३, १३, १३, ९ असलेल्याच्या आधी घेईन. अजून एक गंमत म्हणजे पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे, हवेचा दाबच मुंबईपेक्षा थोडा कमी, त्यामुळे तेच इंजिन पुण्यात थोडा कमी आकडा दाखवतं. मुंबईचा गिऱ्हाईक त्यावरून घासाघीस करायला लागला तर त्याला हे शांतपणे सांगा.

एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात थोडंसं ऑइल टाकून परत टेस्ट करा. आकडा वर गेला तर रिंगांचं काम, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हे दोन्ही आकडे लिहून दिलेत तर घेणाऱ्याला दुरुस्तीचा अंदाज येतो आणि तो पळून जात नाही.

लीक-डाउन टेस्ट पण लागते का?

आरएस असेल तर करा, खर्च फार नाही. यात सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघतात. दहा टक्क्यांच्या आत गळती म्हणजे मस्त, वीसच्या वर गेली की प्रश्न येणार. साध्या १.८ साठी कोणी मागेल असं वाटत नाही. त्यापेक्षा प्लगच्या भोकातून एंडोस्कोप कॅमेरा घालून चारही बोअरच्या भिंतींचे फोटो काढा. आजकाल मोबाइलला लागणारे स्वस्त कॅमेरे मिळतात, त्यात उभे ओरखडे लगेच दिसतात.

टायमिंग चेनबद्दल सगळे विचारतात, काय सांगू?

खरं ते सांगा. दुसऱ्या पिढीच्या ईए८८८ चा बदनाम पार्ट म्हणजे चेनचा टेन्शनर. जुन्या डिझाइनचा टेन्शनर कधीकधी पकड सोडतो, चेन ढिली होते, स्टार्ट मारताना दात उडी मारते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन धडकतात, खेळ खल्लास. नंतर सुधारित टेन्शनर आला. तुमच्या इंजिनात कुठला आहे ते खालच्या टायमिंग कव्हरवर एक छोटं रबरी झाकण असतं ते काढून कॅमेऱ्याने बघता येतं, फोटो काढून ठेवा. टेन्शनर बदलल्याचं बिल असेल तर ते बिलच जाहिरातीत लावा, त्याने जेवढा भाव सुधारतो तेवढा इंजिन चकाचक धुवून पण सुधारत नाही.

चेन किती ताणली गेलीये ते स्कॅनरमध्ये कॅमशाफ्टच्या फेज पोझिशनवरून डिग्रीत कळतं. शून्याजवळ असेल तर छान, उणे चारच्या पुढे सरकलं की माहितगार माणूस चेन किटचे पैसे भावातून कापणार हे धरून चला.

आणि हे फार जण विसरतात. इंजिन बाहेर असताना घेणाऱ्याला 'बघा कसं फ्री फिरतंय' दाखवायला क्रँक उलटा फिरवू नका. उलट फिरवलं की टेन्शनरवरचा ताण जातो आणि चेन सरकू शकते. कायम घड्याळाच्या दिशेनेच, पुलीच्या बाजूने बघून. तसंच क्रँक पुलीचा मोठा बोल्ट हौसेने सोडवू नका, त्याच्याच दाबावर खालचं चेन स्प्रॉकेट धरलेलं असतं, स्पेशल टूल न लावता पुली काढली की टायमिंग गेलंच समजा. पुली वेगळी विकून दोन पैसे जास्त मिळवायच्या नादात पूर्ण इंजिन घालवलेली माणसं आहेत.

२० व्हॉल्व्हवाल्या १.८ टर्बोला यातलं बरंचसं लागू नाही. तिथे बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप शेवटचा कधी बदलला एवढंच सांगायचं, आणि ऑइल चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडला असेल तर आतल्या जाळीत काळा गाळ नव्हता याचा फोटो. त्या इंजिनांचे टर्बो आणि बेअरिंग याच गाळाने जातात.

टर्बो चांगला आहे हे कसं पटवायचं?

इनटेकचा पाइप काढा, कॉम्प्रेसर व्हील बोटांनी धरून हलवा. वर-खाली किंचित हलणं नॉर्मल आहे कारण शाफ्ट ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो आणि बंद इंजिनात ऑइल प्रेशर नसतंच. आत-बाहेर हलला तर मात्र थ्रस्ट बेअरिंग गेलंय. पाती हाउसिंगला घासल्याच्या खुणा, तुटलेलं टोक हे सगळं टॉर्च मारून व्हिडिओत दाखवा. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर असतोच, पीसीव्हीमधून (इंजिनातली वाफ परत इनटेकला सोडणारा व्हॉल्व्ह) येतो, त्याला घाबरू नका, पण पाइप वाकडा केल्यावर ऑइल ओघळायला लागलं तर ते लपवण्यासारखं नाही.

आरएस २३० वर आयएचआय कंपनीचा आयएस२० टर्बो असतो. बरेच जण तो काढून मोठा आयएस३८ बसवतात, आणि अशा गाडीतून काढलेला आयएस२० बऱ्याचदा कमी झिजलेला असतो. तो इंजिनासोबतच द्या, वेगळा काढू नका, घेणाऱ्याला टर्बोसकट इंजिन मिळालं की निर्णय लवकर होतो.

रिमॅप केलेली गाडी होती, सांगायलाच पाहिजे का?

हो राव. रिमॅप म्हणजे सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं, मग ते स्टेज १ असो की जास्त बदलांचं स्टेज २, सांगायचं. लपवून काही फायदा नाही कारण डीलरकडे स्कॅन झाल्यावर कंपनीच्या सिस्टिममध्ये टीडी१ (गाडीत बदल केलेत) असा शेरा पडतो आणि घेणाऱ्याच्या मित्राचा मित्र कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये असतोच. वर ही इंजिनं घेणारी गर्दी स्वतःच रिमॅपवाली असते, त्यांना स्टेज १ ऐकून धक्का बसत नाही, उलट रिमॅपची कुठली फाइल होती, कुठलं पेट्रोल टाकायचात, कुठले प्लग, किती किलोमीटर तशी चालली हेच विचारतील. ९५ किंवा १०० ऑक्टेनची बिलं असतील तर दाखवा. डायनोची (पॉवर मोजायच्या मशीनची) शीट असेल तर द्या पण 'व्हीलवर' की 'क्रँकवर' ते लिहा, नाहीतर तिथेच वाद.

ऑइल पितं, विकलं जाईल का?

विकलं जाईल, भाव कमी येईल. आधी ते किती पितं ते मोजा. मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं. ऐकायला भयंकर वाटतं पण लिहिलंय. दुसऱ्या पिढीत ऑइल रिंगची भोकं कार्बनने बुजतात आणि मग हे सुरू होतं, तिसऱ्या पिढीत हा त्रास बराच कमी. अशा इंजिनाला चांगला गिऱ्हाईक म्हणजे जो तसंही उघडून नवे पिस्टन टाकणार आहे. त्याला तुमचा ब्लॉक, क्रँक आणि हेड हवंय, रिंगा तो कचऱ्यातच टाकणार. 'उघडून बांधायला योग्य' असं स्पष्ट लिहा, अशी माणसं तुमच्यापर्यंत आपोआप येतात.

कूलंट गळतंय, दुरुस्त करून विकू की तसंच?

तिसऱ्या पिढीचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं हाउसिंग प्लास्टिकचं आहे, ते गळणं इतकं कॉमन आहे की घेणारा आधी टॉर्च घेऊन तिथेच बघतो. गुलाबी सुकलेला थर दिसला की झालं. नवीन हाउसिंग तुम्ही लावलंत तरी तेवढे पैसे वसूल होतीलच असं नाही, मी तर तसंच देईन आणि भावात सूट देईन, कारण घेणाऱ्याला स्वतःच्या हाताने नवीन लावलेलं जास्त बरं वाटतं. पण कूलंटमध्ये ऑइल किंवा ऑइलमध्ये कूलंट असेल तर ती गळती नाही, ती वेगळी कथा, ते हेडपर्यंत तपासूनच विका.

ईसीयू, वायरिंग, चावी हे पण द्यायचं का?

घेणारा त्याच मॉडेलच्या गाडीत टाकणार असेल तर त्याला बहुधा नकोच, त्याचा स्वतःचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आहे. दुसऱ्या गाडीत टाकून प्रोजेक्ट करणार असेल तर इंजिन हार्नेस, ईसीयू, थ्रॉटल पेडल, चावी आणि मीटर क्लस्टर असा पूर्ण सेट मागेल, कारण इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) हे सगळं एकमेकांशी बांधून ठेवतो, नुसता ईसीयू लावून स्टार्ट होत नाही. वायरिंग कापून काढू नका. कनेक्टर सोडवून, प्रत्येकाला मास्किंग टेप लावून नाव लिहून काढा. कापलेलं हार्नेस म्हणजे शून्य किंमत.

कागदपत्रं काय लागतात? इंजिनाला कुठे आरसी असते?

इंजिनाला वेगळी आरसी नाही, पण इंजिन नंबर तुमच्या गाडीच्या आरसीवर आहे आणि खरी मेख तिथेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की ते आरटीओच्या परवानगीने करायचं आणि १४ दिवसांत आरसीवर नोंद करून घ्यायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. म्हणून घेणारा शहाणा असेल तर तुमच्याकडे आरसीची प्रत, सहीचं विक्रीपत्र आणि आयडी मागेलच. त्याला त्याच्या आरटीओत दाखवायला हेच लागणार. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला आणि सर्व्हेअरने नंबर बघितला तर क्लेम अडकतो, हे पण त्याला माहीत असतं.

आता तुमची बाजू. इंजिन विकलं आणि बाकीची गाडी भंगारात जाणार असेल तर कलम ५५ खाली तुम्हालाच १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्यायची असते. नाहीतर तुमच्या नावावर ती गाडी कागदोपत्री फिरतच राहते. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्यायची असेल तर इंजिन काढलेली गाडी ते घेतात का आणि कशी, हे इंजिन उतरवायच्या आधीच विचारा. आणि गाडी चालूच ठेवणार असाल, म्हणजे दुसरं इंजिन टाकलंय, तर आधी स्वतःच्या आरसीवर नवा नंबर चढवा, मग जुनं विका. उलट क्रमाने करणाऱ्यांची पासिंगच्या वेळी वाट लागते.

ट्रॅकवर किंवा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी असेल तर घेणाऱ्याला आरसीची चिंता कमी, पण तुम्हाला विक्रीपत्र तितकंच हवं.

इंजिन नंबर पुसट झालाय, परत पंच करून घेऊ का?

नको!! हात पण लावू नका. गंज ब्रशने साफ करा, फोटो काढा, बस.

गाडीवर लोन चालू आहे, इंजिन विकू शकतो का?

नाही. गाडी बँकेकडे तारण आहे, तिचं इंजिन काढून विकणं म्हणजे बँकेचा माल विकणं. आधी लोन फेडा, एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन हायपोथिकेशन (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) काढा. टोटल लॉसमध्ये घेतलेली गाडी असेल तर इन्शुरन्स कंपनीचं सॅल्व्हेजचं पत्र जपून ठेवा.

चोरीचं नाही हे घेणाऱ्याला कसं दाखवू?

एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची) वाहन समन्वय म्हणून सेवा आहे, तिथे गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर टाकून चोरीच्या नोंदीत आहे का ते बघता येतं. रिपोर्ट काढा, विक्रीपत्रासोबत द्या. चोरीचा माल घेणं हा घेणाऱ्याच्याही अंगाशी येणारा गुन्हा आहे, त्यामुळे असा रिपोर्ट समोर ठेवला की बोलण्याचा सूरच बदलतो.

किंमत किती लावायची?

मी आकडा देणार नाही कारण सहा महिन्यांत तो खोटा ठरतो, पद्धत सांगतो. तुमच्याच इंजिन कोडचं, टर्बोसकट, चालू स्थितीत व्हिडिओ असलेलं इंजिन सध्या काय भावाने मागतायत ते चार-पाच ठिकाणी बघा. मागतायत आणि विकलं गेलंय यात फरक असतो, महिनोन्महिने तीच जाहिरात दिसतेय म्हणजे तो भाव चुकीचा. मग तुमच्यात जे नाही ते वजा करत जा. चालू व्हिडिओ नाही, मोठी वजाबाकी. चेन जुनी, किटचे पैसे वजा. इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर यातलं काही काढून घेतलं असेल तर तेही वजा. उरलेल्यावर थोडी घासाघिशीची जागा ठेवा, कारण आपल्याकडे पहिल्या भावाला कोणी घेत नाही आणि घेतलं तर तुम्हालाच रात्री झोप लागणार नाही.

किलोमीटर कमी म्हणून जास्त भाव लावणाऱ्यांना एवढंच सांगेन की वर्षानुवर्षं शहरात दोन-दोन किलोमीटर चालून कधी गरमच न झालेलं इंजिन हायवेवर लाखभर चाललेल्यापेक्षा वाईट असू शकतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, सगळा कार्बन तिथेच साचतो. इनटेक काढून व्हॉल्व्हचे फोटो टाका, किलोमीटरपेक्षा ते जास्त बोलतात.

विकायचं कुठे? कुर्ल्याला नेऊ का?

कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट्टई हे जुन्या पार्टचे मोठे बाजार आहेत आणि तिथे पैसे त्याच दिवशी हातात पडतात, पण तो व्यापारी तुमच्याकडून घेऊन पुढे विकणार, त्याला मधला नफा हवाच. घाई असेल, इंजिन बंद असेल, कागद धड नसतील (म्हणजे हरवलेत, चोरीचं म्हणत नाही) तर तोच मार्ग. चांगल्या आरएस इंजिनाला खरा गिऱ्हाईक म्हणजे दुसरा आरएसवाला ज्याचं इंजिन बसलंय, किंवा ट्यूनिंगचं गॅरेज. शहरातल्या दोन-तीन जर्मन गाड्यांच्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सांगून ठेवा, त्यांच्याकडे असा माणूस रडत येतच असतो. गॅरेजवाला कमिशन मागेल, द्या, तोच इंजिन बसवणार असेल तर नंतरच्या तक्रारी पण तोच झेलतो.

काढताना आणि ठेवताना काय काळजी घ्यायची?

पेट्रोल लाइनचं प्रेशर आधी उतरवा, तिसऱ्या पिढीत रेलमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो, पाइप तसाच सोडवला तर हातातोंडावर येतं. चेन ब्लॉक लावायचा तर इंजिनच्या लिफ्टिंग हुकांनाच, इनटेकला साखळी गुंडाळणारे वीर भेटतात त्यांना लांब ठेवा. आणि तिसऱ्या पिढीत ऑइल चेंबरचा खालचा भाग प्लास्टिकचा आहे, त्यावर इंजिन टेकवलं की तडा गेलाच. टायरवर ठेवलं तरी चेंबरवर वजन येणार नाही असं ठेवा, त्यापेक्षा स्टँड बरा.

ठेवायचं असेल तर प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाका, क्रँक सरळ दिशेने दोन फेरे फिरवा, प्लग परत लावा. ब्लॉक कास्ट आयर्नचा आहे, आपल्या पावसाळ्यात, त्यातून कोकणात किंवा मुंबईत, उघड्या बोअरवर आठवड्याभरात गंज चढतो. टर्बोची दोन्ही तोंडं, इनटेक, कूलंटचे पाइप सगळं टेपने बंद करा, चिंधी कोंबू नका, ती आत राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. उंदरांचा बंदोबस्त वेगळा करा.

परगावी कसं पाठवायचं?

ऑइल आणि कूलंट पूर्ण काढून, लाकडी पॅलेटवर बोल्ट करून, चारी बाजूंनी फळ्या मारून. इंजिन साधारण १३० ते १५० किलो, त्यात गिअरबॉक्स असेल तर अजून. ट्रान्सपोर्टवाला हायड्रॉलिक टेलगेट देतो का विचारा, नाहीतर उतरवताना चार जण ते कसं ढकलतात ते बघवत नाही. राज्याबाहेर जाणारा पन्नास हजारांच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे, बिल कोण काढणार ते आधीच ठरवा. क्रेट बंद करायच्या आधी इंजिन नंबरसकट व्हिडिओ काढा, आणि घेणाऱ्याला सांगा की तिकडे क्रेट उघडताना पण व्हिडिओ काढ. 'वाटेत फुटलं' आणि 'आधीच फुटलेलं होतं' यातला वाद त्यानेच मिटतो.

पैसे कसे घ्यायचे?

टोकन घ्या, बाकी गाडीत चढवायच्या आधी. यूपीआयला साधारण दिवसाला एक लाखाची मर्यादा असते, त्यावरचं एनईएफटी, दोन लाखांपासून पुढे आरटीजीएस. रोख दोन लाख किंवा जास्त घेता येत नाही, आयकर कायद्याने बंदी आहे. स्क्रीनशॉटवर विश्वास नाही, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय साखळी लावू द्यायची नाही. आणि 'मी आर्मीत आहे, माझा माणूस ट्रक घेऊन येईल, तुम्ही फक्त हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असा फोन आला की ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

वॉरंटी द्यायची का? घेणारा अडून बसलाय.

फिटिंगनंतर पहिला स्टार्ट होईपर्यंतची जबाबदारी घेतलीत तर ठीक आहे, तीही अटी लिहून. म्हणजे फिटिंग अनुभवी गॅरेजमध्ये, ऑइल फोक्सवॅगनच्या ५०२ ०० किंवा ५०४ ०० मान्यतेचं, वॉटर पंप आणि चेन न तपासता चालवलं तर जबाबदारी संपली, आणि परत द्यायचं झाल्यास इंजिन न उघडता द्यायचं. तुम्ही लावलेल्या पेंटच्या खुणा महत्त्वाच्या बोल्टवर ठेवा म्हणजे उघडलं का नाही कळतं. सहा महिन्यांची वॉरंटी वगैरे देऊ नका, पुढे तो कुठली फाइल टाकून किती बूस्टवर मारेल ते तुमच्या हातात नाही. 'जसं आहे तसं' विकत असाल तर माहीत असलेले सगळे दोष विक्रीपत्रात लिहा आणि त्याची सही घ्या. स्टॅम्प पेपर पाचशेचा लागेल, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेचे बंद झाले.

महिना झाला, कोणी घेत नाही. सुटं सुटं विकू का?

सगळं एकत्र गेलं तर डोक्याला ताप कमी, सुटं विकलं तर बेरीज बहुतेक वेळा जास्त होते पण त्यात महिने जातात आणि शेवटी ब्लॉक तुमच्याकडेच उरतो. क्रम असा ठेवा की टर्बो, इंजेक्टरचा सेट, हाय प्रेशर पंप आणि कॉइल लवकर जातात, मग हेड, मग हाफ इंजिन (हेड सोडून खालचा ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन). ब्लॉकवर नंबर आहे म्हणून हाफ इंजिन जाताना विक्रीपत्र परत करा, टर्बोला ते लागत नाही. पण पहिला टर्बो विकायच्या आधी एकदा जाहिरात दुरुस्त करून बघा. बऱ्याचदा इंजिनात काही खोट नसते, जाहिरातीत इंजिन कोड, कम्प्रेशनचे चार आकडे आणि कोल्ड स्टार्टचा व्हिडिओ यातलं काहीच नसतं.